खेळण्यातल्या रुळांवरून घराकडे

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास आमच्या सावंगीच्या (मेघे) रस्त्यावर उभे राहून पाहा. रुग्णालयात निघालेले, डोक्याला दुपट्टे गुंडाळलेले दोन-चार लोक आणि रसवंतीच्या सावलीत पहुडलेली कुत्री सोडली तर चिटपाखरू दिसणार नाही. पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर गेलेला असतो. अशा वेळी माणूस घराचा आसरा घेतो. पण घरच जर भट्टीसारखे तापले असेल तर?

माझे घर तसे आहे, आणि ते मीच तसे करून घेतले आहे. वडिलांच्या वेळी घराला जाड मातीच्या भिंती होत्या, वर कवेलू होते. दर वर्षी कवेलू फेरण्याची कटकट नको म्हणून मी ते उतरवले, भिंती पाडल्या आणि विटांच्या भिंतींवर सपाट स्लॅब टाकला. तेव्हापासून माझी आई दर उन्हाळ्यात एकच प्रश्न विचारते, "तू मुलांना उष्णता शिकवतोस ना रे? मग स्वतः ते पुस्तक वाचत नाहीस का?"

गेल्या उन्हाळ्यात आईला एक साथीदार मिळाली. आमच्या शेजारची मुलगी बारावीला माझ्याच वर्गात होती. आता ती नागपूरला वास्तुकलेच्या पहिल्या वर्षात शिकते. तिला महाविद्यालयातून एक काम दिलेले होते : ओळखीचे एखादे घर निवडा, त्यातील एक दोष शोधा आणि तो दूर करण्याचा आराखडा काढा. घर कोणाचे निवडले असेल, हे तुम्ही ओळखलेच असेल! टेप आणि वही घेऊन ती आली, खोल्या मोजल्या आणि मला म्हणाली, "काका, गरम हवा वर जाते हे तुम्हीच शिकवलंत. मग तुमच्या घरात ती वर गेल्यावर पुढं कुठं जाते?"

मी वर पाहिले. खिडक्यांच्या वरच्या चौकटीपासून स्लॅबपर्यंत अडीच-तीन फूट भिंत कोरी होती. गरम हवा तेथे जाऊन बसत होती. मजजवळ उत्तर नव्हते.

जाताना ती एक जाड पुस्तक ठेवून गेली. ते चार्ल्स कोरिया या वास्तुशिल्पज्ञाच्या कामाविषयी होते. मी ते चाळायला घेतले आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. त्यातील इमारती मोठ्या आहेतच. पण मला खिळवून ठेवले ते हा माणूस विद्यार्थी असताना काय करीत होता, या भागाने.

कोरिया यांचे घराणे मूळचे गोव्याचे. त्यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादला झाला. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचे विलक्षण वेड होते. हॉर्नबी कंपनीच्या गाड्या त्या वेळी विलायतेहून येत असत. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नवे रूळ, नवे डबे मिळेनासे झाले. दुसरा मुलगा रडून गप्प बसला असता. चार्ल्सने काय केले, तर कंपनीचा सूचिपत्रक समोर घेऊन आलेखाच्या कागदावर रुळांचे आराखडे काढायला सुरुवात केली. सरळ रूळ किती, वळणाचे किती, सांधा कोठे, स्टेशन कोठे, गाडी फिरून त्याच जागी परत कशी येईल, हे सगळे कागदावर! गाडी नव्हती, पण गाडी कशी धावेल हे डोळ्यांपुढे आणता येत होते. प्रत्यक्षात नसलेली वस्तू मापानिशी कागदावर उतरवायची, आणि ती चालेल की अडेल हे कागदावरच ताडायचे. वास्तुशिल्पज्ञ जन्मभर दुसरे काय करतो? (आमच्या वर्गात आलेखाच्या कागदावर मुले फुली-गोळा खेळतात. त्यांना मी आता पूर्वीइतका रागावत नाही.)

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दोन वर्षे काढून ते १९४९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेले. तेथून १९५३ साली वास्तुकलेची पदवी घेतली आणि पुढच्या पदवीसाठी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे सुप्रसिद्ध 'एम.आय.टी.'त, दाखल झाले. त्रिकोणांच्या जाळीतून अवाढव्य घुमट उभारणारे बकमिन्स्टर फुलर हे त्यांना शिक्षक म्हणून लाभले. शहरात वावरणाऱ्या माणसाच्या मनात त्या शहराचे चित्र कसे तयार होते, याचा अभ्यास करणारे केव्हिन लिंच हेही त्या काळी एम.आय.टी.त होते.

आता प्रबंधाची गोष्ट. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याचा प्रबंध म्हटला की एखाद्या टोलेजंग इमारतीचे नकाशे, असे आपल्याला वाटते. कोरिया यांनी १९५५ साली चक्क एक चित्रपट सादर केला! 'तुम्ही आणि तुमचा शेजार' अशा अर्थाचे त्याचे नाव होते. तो हालत्या चित्रांचा, म्हणजे अ‍ॅनिमेशनचा होता. संहिता त्यांचीच, चित्रे त्यांचीच, छायाचित्रणही त्यांचेच. पडझड होत चाललेली वस्ती तेथे राहणाऱ्या लोकांनीच एकत्र येऊन कशी सुधारावी, हा त्याचा विषय होता. पंचविशीतल्या या विद्यार्थ्याने इमारत काढायच्या आधी, त्या इमारतीत राहणाऱ्यांशी बोलायचे कसे, याचा विचार केला. मला स्वतःला त्यांच्या पुढच्या अनेक नावाजलेल्या इमारतींपेक्षा हा चित्रपट मोठा वाटतो. आमचे घर बांधताना मी मिस्त्रीशी बोललो, ठेकेदाराशी बोललो. दिवसभर ज्या घरात आई राहणार होती, त्या घराविषयी तिच्याशी मात्र बोललो नाही.

मायदेशी परतून १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २८. आणि जवळजवळ पहिलेच मोठे काम मिळाले ते अहमदाबादेत, साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयाचे! गांधीजींची हजारो पत्रे, पुस्तके आणि छायाचित्रे ठेवण्यासाठी ही वास्तू हवी होती. एखाद्याने उंच खांबांचे, संगमरवराचे भव्य स्मारक उभारले असते. कोरिया यांनी एक साधा चौरस घेतला : सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद. विटांचे खांब, वर कौलारू छप्पर. असे चौरस एकाला एक जोडत गेले; काही भिंतींनी बंद केले, काही मोकळे सोडले, मध्ये पाण्याचा एक चौक ठेवला. कागदावरच्या रुळांची आठवण होते की नाही? छपरांच्या मधून काँक्रीटच्या पन्हळी जातात. त्या तुळईचे कामही करतात आणि पावसाचे पाणीही वाहून नेतात. खिडक्यांना कोठेही काच नाही. तिरप्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. त्या हव्या तेवढ्या उघडून उजेड आणि वारा आत घ्यायचा. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते या वास्तूचे उद्घाटन झाले.

आम्हा वर्धेकरांना ही वास्तू चित्रात पाहूनसुद्धा ओळखीची वाटते, याचे कारण सांगतो. सावंगीहून निघालात आणि वर्धा शहर ओलांडून पलीकडे गेलात की सेवाग्राम लागते. १९३६ पासून गांधीजी तेथे राहिले. तेथील बापूकुटी मातीच्या भिंतींची, बांबू-लाकडाची आणि कवेलूंची आहे. जवळपास मिळणारे सामान, ठेंगणी छपरे, सभोवती छपरी. मे महिन्यात भर दुपारी त्या कुटीत जाऊन बसा. बाहेरच्या रखरखाटातून आत आलो हे अंगाला लगेच कळते.

असे का होते? ऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगाला तापवते. ती उष्णता वहनाने हळूहळू आत सरकते. मातीची दीड फुटी भिंत असेल, तर दुपारच्या तापाची लाट आतल्या अंगाला पोहोचायला दहा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. आणि वाटेत ती बरीच क्षीण होते. तोवर बाहेर रात्र गार झालेली असते. माझा स्लॅब मात्र पाच इंचांचा. त्यातून ही लाट तीन-साडेतीन तासांत खाली उतरते. म्हणजे दुपारी अडीचचा ताप संध्याकाळी सहाला घरात हजर! मग तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली प्रारण करीत राहतो. पंखा लावला तर हवा हलते, पण प्रारण पंख्याने अडत नाही.

आता शेजारणीच्या प्रश्नाकडे वळू. गरम हवा वर गेल्यावर पुढे कुठे जाते?

१९६०च्या सुमारास गुजरातेत कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांसाठी एक स्पर्धा झाली. मागणी होती चाळवजा बहुमजली इमारतींची. कोरिया यांनी हिशेब करून दाखवला की एकाला एक लागून असलेली अरुंद बैठी घरे बांधली, तरी तेवढ्याच जमिनीवर तेवढीच कुटुंबे राहू शकतात आणि प्रत्येकाला जागाही अधिक मिळते. त्यांना पहिले बक्षीस मिळाले आणि अहमदाबादेत नमुन्यादाखल घर बांधलेही गेले. तेच 'नळीघर'. रुंदी फक्त ३.६ मीटर, लांबी १८.२ मीटर. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे तिकडून ऊन लागण्याचा प्रश्नच नाही. छत तिरपे, आणि सर्वांत उंच जागी एक मोकळी फट. तापलेली हवा छताच्या तिरप्या अंगाने घसरत वर जाते आणि फटीतून बाहेर पडते. तिची जागा घ्यायला दाराजवळच्या झडपांतून नवी हवा आत येते. ना वीज, ना यंत्र!

यामागचे गणित तुम्हाला करता येईल. दाब तोच असेल तर हवेची घनता केवल तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३० अंश सेल्सिअस म्हणजे ३०३ केल्व्हिन, आणि ४५ अंश म्हणजे ३१८ केल्व्हिन. ३० अंशांना एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १,१६५ ग्रॅम असते. ४५ अंशांना ते सुमारे १,११० ग्रॅम भरते. फरक ५५ ग्रॅमचा, म्हणजे एखाद्या लहान अंड्याएवढा. पण एवढ्या फरकावर घरभर वारा खेळू शकतो. गरम आणि गार हवेच्या स्तंभांची उंची वाढवा, की ओढही वाढते. गिरणीचे धुराडे उंच का असते, हे आता ध्यानात येईल.

खात्री करून घ्यायची असेल तर बुटांचे एक खोके घ्या. झाकणाला दोन भोके पाडा. कंदिलाच्या दोन काचा त्यांवर उभ्या करा. काचा आता सहजी मिळत नाहीत, तेव्हा दोन्ही तोंडे कापलेले पत्र्याचे डबेही चालतील. एका भोकाच्या बरोबर खाली खोक्यात लहान मेणबत्ती लावून झाकण बसवा. दुसऱ्या डब्याच्या तोंडाशी धुमसती अगरबत्ती धरा. धूर वर जायचा सोडून खाली खोक्यात शिरेल आणि मेणबत्तीच्या बाजूने बाहेर पडेल. (जवळ मोठे माणूस आणि पाण्याचा तांब्या असू द्या. माझे पहिले खोके जळाले होते.)

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. ही युक्ती म्हणजे वातानुकूलन यंत्र नव्हे. जी हवा आत येते ती बाहेरचीच. बाहेर ४५ अंशांची लू वाहत असताना झडपा सताड उघडल्या, तर घरात लूच येणार. दिवसा झडपा आवळून घ्यायच्या आणि रात्री बाहेरची हवा गार झाली की उघडायच्या, म्हणजे दिवसभर साठलेला ताप निघून जातो. कोरिया यांना हे पुरते ठाऊक होते. पुढे अहमदाबादच्याच एका घरात त्यांनी दोन वेगळे भाग केले. एक भाग खाली रुंद आणि वर निमुळता, उन्हाळ्याच्या दुपारसाठी. दुसरा खाली निमुळता आणि वर आकाशाकडे उघडणारा, हिवाळ्यासाठी व उन्हाळ्याच्या संध्याकाळींसाठी. म्हणजे घर तेच, पण उन्हाच्या वेळापत्रकाप्रमाणे माणसांनी जागा बदलायची. आपल्याकडची जुनी माणसे तरी काय करीत? दुपारी माजघरात, रात्री अंगणात बाजेवर.

पुढे कोरिया यांचे नाव जगभर झाले. मुंबईचे उंच 'कांचनजंगा', पणजीची कला अकादमी या त्यांच्याच वास्तू. पुण्याला डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेची वास्तूही त्यांचीच. सहलीला गेलात तर तेथील फूकोचा लंबक आणि चौकातील आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे जरूर पाहा. १९८४ साली ब्रिटनच्या वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेचे सुवर्णपदक आणि २००६ साली पद्मविभूषण त्यांना मिळाले. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ते नळीघर आता उरलेले नाही. ते चित्रांतून आणि नकाशांतूनच पाहावे लागते.

आमच्या शेजारणीने माझ्या घराचा जो आराखडा काढला, त्यात तीन गोष्टी होत्या. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, म्हणजे ऊन परावर्तित होईल. त्यावर हातभर उंचीवर बांबूच्या ताट्यांची सावली. आणि जिन्याच्या डोक्यावरच्या टोपीच्या भिंतीत, अगदी वर, झडपांची एक खिडकी. रात्री जिनाच धुराड्याचे काम करील. तो आराखडा काढण्याआधी ती दोन दुपारी आईजवळ बसली होती. आई कोठे झोपते, कोणत्या वेळी जीव कासावीस होतो, खिडकी कोणत्या उंचीवर असली तर तिचा हात पोहोचेल, हे सारे तिने वहीत लिहून घेतले होते. झडपांची दोरी आईच्या हाताच्या उंचीला आली, ती त्यामुळेच.

तिच्या शिक्षकांनी आराखडा परत करताना त्या खिडकीभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि बाजूला लिहिले, 'पावसाळ्यात वाऱ्याबरोबर पाणी आत येईल, त्याचे काय?' त्यावर ती आठवडाभर विचार करीत होती. साबरमतीच्या छपरांवरील पन्हळींचे चित्र तिने माझ्याकडून पुन्हा मागून नेले.

चुना आम्ही दिला आहे. ताट्या आईने बुरडाकडून स्वतः पारखून आणल्या. खिडकीसाठी मिस्त्री येत्या रविवारी भिंत फोडायला येणार आहे, आणि पाण्याच्या पन्हळीवरून शेजारीण व आई यांच्यात अजून एकमत झालेले नाही.