इंजिन टिकतं, पत्र्याचं काय?

जुन्या मर्सिडीज डिझेलचा विषय निघाला की ग्रीक टॅक्सीचा दाखला हटकून येतो. ग्रेगोरिओस साखिनिदिस यांनी १९७६ सालची ‘२४० डी’ तब्बल ४६ लाख किलोमीटर पळवली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाच्या हवाली केली. सांगणारे एक गोष्ट मात्र गाळतात: या प्रवासात गाडीचं इंजिन अनेकदा बदललं गेलं होतं. मला तर खरं कौतुक त्याचंच वाटतं. या गाड्या बिघडत नाहीत असं नाही; बिघडल्या की साध्या पान्यांनी उघडता येतात.

१९७६ च्या जानेवारीत ‘डब्ल्यू १२३’ ही त्या टॅक्सीच्या पुढची मालिका आली. दहा वर्षांत सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. सुरुवातीला जर्मनीत एवढी मागणी होती, की थोडी वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाई. नाव आलिशान, पण ‘२०० डी’ची ताकद जेमतेम ५५ हॉर्सपॉवर, शंभरचा वेग गाठेपर्यंत अर्धं मिनिट जायचं! ताकद कमी, म्हणून इंजिनावर ताणही कमी. डिझेल पंप पूर्ण यांत्रिक, कॅमशाफ्टला बेल्टऐवजी चेन. ऑइल वेळच्या वेळी बदललं, टॅपेट सेट करून घेतले, तर पाच लाख किलोमीटरचं कुणाला नवल वाटत नाही.

छळते ती व्हॅक्यूमची भानगड. डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसल्यानं व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो. ब्रेकचा बूस्टर, सेंट्रल लॉक आणि किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद होणं, सगळं त्याच्याच जिवावर. दाराच्या आतला एखादा रबरी पडदा फाटला, की किल्ली खिशात टाकली तरी इंजिन आपलं धडधडतंच. मग बॉनेट उघडून ‘स्टॉप’ लिहिलेला खटका दाबायचा. दुरुस्ती किरकोळ, गळती नेमकी कुठं आहे ते शोधण्यात मात्र दिवस जातो.

आपल्याकडे पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात १९९५ पासून ‘डब्ल्यू १२३’नंतरच्या ‘डब्ल्यू १२४’ची जुळणी सुरू झाली, त्यात ‘ई २५० डिझेल’ही होती. जर्मनीत तीस वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘एच’ पाटी मिळते आणि वर्षाला सुमारे १९२ युरो एवढाच ठोक कर पडतो. त्यामुळे तिथं जुनी डिझेल सांभाळणं निव्वळ हौसेचं राहत नाही.

घ्यायचीच असेल, तर चकाकणाऱ्या रंगावर जाऊ नका. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून ठेवा. जागच्या जागी थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर रिंगा गेल्या. तेही एक वेळ निभावता येतं. बॅटरीखालचा पत्रा आणि जॅक लावायच्या जागा मात्र वाकून पाहा. तिथं स्क्रूड्रायव्हर आत शिरला, तर भाव कितीही उतरवून मिळो, गाडी सोडून द्या.