उडी किती? खडू सांगेल

दहिसरच्या मैदानांवर पहाटे पोरं घाम गाळताना दिसली, की समजावं भरती जवळ आली. पुरुषांच्या पोलीस भरतीत 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक मिळून 50 गुण. लांब उडी पूर्वी होती, आता वगळली आहे. लष्करात मात्र 9 फुटांचा खड्डा आजही ओलांडावा लागतो. त्याला गुण नाहीत, पण पाय खड्ड्यात पडला तर थेट घरी!

सरावात आपली उभी उडी मोजायला लॅब कशाला? अमेरिकेतल्या डडली सार्जंट यांनी 1921 मध्ये मांडलेली चाचणी आजही चालते. भिंतीलगत उभं राहा, टाचा जमिनीवर, हात वर ताणून खडूची खूण करा. मग जागेवरूनच उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमची उडी. सहाफुटी दादाला उंचीचा फुकटचा फायदा नाही. सोसायटीची भिंत नुकतीच रंगवली असेल, तर आधी सेक्रेटरींना विचारा.

खडू नको असेल तर मोबाइल आहे. स्लो मोशनमध्ये सेकंदाला 240 फ्रेम घ्या आणि पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या मोजा. 120 भरल्या तर अर्धा सेकंद हवेत, उडी साधारण 31 सेंटिमीटर. 144 भरल्या तर थेट 44! उंची वेळेच्या वर्गाने वाढते ना. गुडघे पोटाशी घेऊन उतरलं की आकडा फुगतो; ही लबाडी मित्राच्या व्हिडिओत आधी तपासा.

जागेवरच्या उड्या एके काळी ऑलिंपिकमध्ये होत्या. लहानपणी पोलिओ झालेल्या रे यूरीने 1900 ते 1908 मध्ये त्यांतच 8 सुवर्णपदकं मिळवली.

आपला नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे गावात मक्याचा भुसा भरलेल्या गादीवर उंच उडी शिकला. 2025 च्या टोकियो जागतिक स्पर्धेत 2.28 मीटर उडी मारून सहावा आला. या प्रकारात अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष.

पण उडी सांगते पायांचा झटका, दम नव्हे. दम बघायचा तर 1600 मीटर धावाच. उडीसाठी आधी अंग गरम करा, बूट घाला, ओली फरशी टाळा. तीनदा मारा आणि सर्वांत मोठी तेवढी वहीत लिहा.