कयाधूकाठचा आमदार, परका खासदार

4 जून 2024 रोजी लोकसभेचा निकाल लागला आणि हिंगोलीतून उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर खासदार झाले. 23 नोव्हेंबरला विधानसभेची मतमोजणी झाली, तेव्हा या लोकसभा क्षेत्रातल्या सहाही जागा महायुतीकडे गेल्या. जूनमध्ये लोकसभेला पडलेले बाबूराव कदम कोहळीकर नोव्हेंबरमध्ये हदगावचे आमदार झाले. तोच मतदार सहा महिन्यांत उलटा कसा फिरला, याचं उत्तर आपण लाटांमध्ये शोधतो. मला ते आधी नकाशात शोधावंसं वाटतं.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच आणि विधानसभा मतदारसंघ तीन : वसमत, कळमनुरी, हिंगोली. पाचाला तिनाने नीट भाग जात नाही, म्हणून औंढा नागनाथ तालुका फोडावा लागला. त्याचा काही भाग कळमनुरीत गेला, जवळा बाजारचा पट्टा वसमतला जोडला गेला. हिंगोली मतदारसंघात सेनगाव तालुका आणि शहरासह हिंगोली तालुक्याचा मोठा भाग येतो. संत नामदेवांचं नर्सी इथलंच. सोयाबीन आणि हळदीचा, बहुतांशी पावसाच्या भरवशावरचा हा मुलूख.

या मुलखाचं खरं दुखणं पाण्याचं आहे. उत्तरेला पैनगंगा, मधून कयाधू, दक्षिणेला पूर्णा. तीन नद्या असूनही सेनगाव-हिंगोलीचा माळ कोरडा राहतो. येलदरी धरणाचं पाणी सेनगावच्या शिवाराला टेकतं, पण ते पुढे सिद्धेश्वरला अडवून कालव्याने वसमत, परभणी, नांदेडकडे जातं. इसापूरचंही तसंच : कालव्यांचा मोठा लाभ नांदेड आणि यवतमाळला. बुडीत क्षेत्र आपलं आणि लाभक्षेत्र दुसऱ्याचं, ही सल इथल्या प्रत्येक प्रचारसभेत निघते आणि ती रास्त आहे. सिंचनाचा अनुशेष हा शब्द इथल्या साध्या शेतकऱ्यालाही पाठ आहे.

आता खासदारकीचा इतिहास पाहा. 1977 साली जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील निवडून आले. त्यानंतर 1980, 1984 आणि 1989 अशा सलग तीन वेळा काँग्रेसचे उत्तमराव राठोड. 1991 साली शिवसेनेचे विलास गुंडेवार जिंकले, आणि तेव्हापासून आजवर हिंगोलीने एकाही खासदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा दिल्लीला पाठवलेलं नाही. शिवाजी माने, सूर्यकांता पाटील, पुन्हा माने, पुन्हा पाटील. मग सुभाष वानखेडे, राजीव सातव, हेमंत पाटील, आणि आता आष्टीकर. सातवांचा 2014 चा विजय तर फक्त 1,632 मतांचा. मोदी लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रात दोनच जागा जिंकल्या, त्यातली ही एक, दुसरी नांदेड.

याउलट हिंगोली विधानसभा. 1999, 2004, 2009 असे तीनदा काँग्रेसचे भाऊराव पाटील गोरेगावकर. 2014, 2019, 2024 असे तीनदा भाजपचे तानाजी मुटकुळे. पंचवीस वर्षांत सहा निवडणुका आणि आमदार दोनच! शेजारच्या वसमतमध्ये जयप्रकाश मुंदडा आणि जयप्रकाश दांडेगावकर एकमेकांना आलटून पालटून हरवत राहिले. 2019 ला राजू नवघरेंनी ती जोडी मोडली. कळमनुरीत 2009 ला सातव, 2014 ला संतोष टारफे आणि त्यानंतर दोनदा संतोष बांगर. म्हणजे टिकण्याची सवय जिल्हाभर नाही, ती हिंगोली मतदारसंघाची आहे.

माझं मत असं. लोकसभेचा हिंगोली हा एक मुलूख नाही. त्यात या जिल्ह्याच्या तीन जागा, नांदेडच्या किनवट आणि हदगाव, आणि यवतमाळचं उमरखेड. म्हणजे निजामाचा मराठवाडा आणि इंग्रजांचा वऱ्हाड यांच्यामधली जुनी पैनगंगेची सीमा या मतदारसंघाच्या पोटातून जाते. वरून नाव हिंगोलीचं, पण सूर्यकांता पाटील, वानखेडे, आष्टीकर हे तिघेही हदगावच्या राजकारणातून आलेले. हिंगोलीच्या मतदाराला खासदार बहुधा परका, आणि परक्याला बदलायला मन कचरत नाही. राठोडांच्या काळात हा परकेपणा काँग्रेसच्या बांधणीने झाकला होता. 1991 पर्यंत मराठवाड्यात शिवसेना रुजली, लढत चुरशीची झाली आणि तो उघडा पडला. आमदार मात्र लग्नाला, तेराव्याला, बाजार समितीच्या ओट्यावर भेटतो. त्याला मतदार वेळ देतो.

मतदारसंघांच्या पुढच्या परिसीमनात या रेषा पुन्हा ओढल्या जातील. तेव्हा औंढा तालुका एका मतदारसंघात सलग राहावा आणि येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर बोलणारा आमदार एकच असावा, ही मागणी हिंगोलीकरांनी आत्तापासून लेखी मांडायला हवी. सुनावणीच्या दिवशी घाईने दिलेल्या निवेदनाला फारसं वजन नसतं.