कातळाखालचा शोध आणि भूपृष्ठ-लहरींचा अडसर

तापी खोऱ्यातील वरणगावच्या परिसरात काळी माती व नदीचा गाळ यांच्या खाली लाव्हारसापासून बनलेला काळा कातळ आहे. या कातळाखाली काय दडले आहे? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने नर्मदा-तापी पट्ट्यात केलेल्या मापनांवरून, तेथे प्राचीन गाळाच्या खडकांचे खोरे दडलेले असावे, असे अनुमान १९८८ मध्ये मांडण्यात आले. खनिज तेल व वायू अशाच खडकांत आढळत असल्याने या प्रश्नाला महत्त्व आहे.

खोल विंधन अतिशय खर्चाचे असल्यामुळे आधी कृत्रिम कंपनांच्या साहाय्याने चाचपणी करतात. उथळ विवरात लहानसा स्फोट घडवितात. त्याच्या लहरी खालच्या थरांवर आदळून परततात आणि जमिनीवर मांडलेले जिओफोन त्या टिपतात. परंतु त्याच स्फोटातून एक लहर पृष्ठभागालगतच पसरते. या जातीच्या लहरींचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडले. खोलवरून येणारा क्षीण प्रतिध्वनी या जोरकस लहरीखाली झाकला जातो. मालमोटारी व पंप थांबविल्यास इतर गोंगाट कमी होतो. ही लहर मात्र स्फोटाबरोबरच जन्मते.

पहिला उपाय शेतातच योजता येतो. समजा, लहरीचा वेग सेकंदाला ३०० मीटर व कंपने सेकंदाला १० आहेत. म्हणजे तिची लांबी ३० मीटर झाली. तेवढ्या अंतरात समान अंतरावर मांडलेले जिओफोन एकत्र जोडले, तर काही वर उचलले जात असताना काही खाली जातात आणि परस्परांचा परिणाम पुसतात. खालून जवळजवळ उभी येणारी लहर सर्वांना एकदमच हलविते. म्हणून तिची नोंद बळावते.

उरलेला भाग संगणकावर वेगळा काढतात. केवळ मंद कंपने गाळणे येथे पुरेसे नाही. कातळातून जाताना जलद कंपने अधिक क्षीण होतात व मंद कंपनांतच उपयुक्त माहिती उरते. म्हणून लहरींच्या वेगातील फरकावरून निवड करतात. ही गाळणी अतिरेकी झाली, तर खरा थर नाहीसा होतो किंवा नसलेला थर दिसू लागतो आणि विंधनाचा निर्णय चुकू शकतो.

हीच लहर अन्यत्र उपकारकही ठरते. तिच्या वेगावरून मातीचा टणकपणा अजमावून पूल व इमारती यांच्या पायाचा विचार करता येतो. सर्वेक्षण-पथक गावात आल्यास शेतात मांडलेले जिओफोन व तारा न हलविणे आणि नोंदीच्या वेळी शांतता राखणे, एवढे साहाय्य ग्रामस्थ सहज करू शकतात.