माणसं घटली, चुली वाढल्या

ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर मेलबर्न आणि ॲडलेड ही दोन शहरं शोधा. दोन्ही दक्षिण किनाऱ्यावर आहेत. त्यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर, जवळजवळ मध्यावर, निल नावाचं एक छोटं गाव आहे. (इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'न'नंतर एक 'ह' लिहितात, पण तो उच्चारत नाहीत.) व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागात, विमेरा या गव्हाच्या प्रदेशात ते वसलेलं आहे. वस्ती सुमारे दोन हजार. हे गाव ज्या स्थानिक प्रशासनाखाली येतं, त्या हिंडमार्श शायरचं क्षेत्रफळ साधारण ७,५०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट. एवढ्या प्रदेशात २०२१ च्या जनगणनेत माणसं भरली ५,७०० च्या आसपास!

या भागातली लोकसंख्या गेली कित्येक दशकं हळूहळू घटत आली आहे. मग तिथे घरं भरपूर आणि रिकामी असतील असं आपल्याला वाटेल. पन्नास मुलांच्या वर्गातली दहा मुलं गेली की बाकं रिकामी होतात, तसंच. पण विमेरातल्या नगरपालिका गेली काही वर्षं नेमकी उलट तक्रार करत आहेत. रुग्णालयाला परिचारिका हव्यात, शाळेला शिक्षक हवेत, कारखान्याला कामगार हवेत. काही जण यायला तयारही असतात. पण त्यांना राहायला घर मिळत नाही.

माणसं कमी होत असताना घरं कशी अपुरी पडतात? हे कोडं सोडवायला फार गणित लागत नाही. फक्त काय मोजायचं ते नीट ठरवावं लागतं.

गावातून कोण जातं?

आधी माणसं का घटली ते पाहू. विमेरासारख्या प्रदेशात गव्हाची शेती पूर्वी अनेक लहान कुटुंबांच्या हातात होती. यंत्रं मोठी होत गेली तसं एका कुटुंबाला अधिकाधिक जमीन कसता येऊ लागली. शेजारी थकला की त्याची जमीन विकत घ्यायची, असं पिढ्यान् पिढ्या चालत आलं. १९८३ ते २००३ या वीस वर्षांत ऑस्ट्रेलियातल्या शेतांची संख्या सुमारे एक चतुर्थांशानं कमी झाली. कमी शेतं म्हणजे कमी शेतकरी कुटुंबं आणि गावातल्या दुकानांना कमी गिऱ्हाइकं.

पण गावातून सगळ्या वयाची माणसं सारख्या प्रमाणात जात नाहीत. जातात ती मुख्यतः अठरा ते पंचवीस वर्षांची, शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी. त्यातली बरीच परत येत नाहीत. समजा, एका गावातून शंभर तरुण गेले. शिरगणतीत शंभराचीच घट दिसते. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांना होणारी मुलंही त्या गावात जन्मत नाहीत. ही दुसरी घट आधी बालवाडीत दिसते, मग प्राथमिक शाळेच्या पटावर.

मागे राहणाऱ्यांचं वय अर्थातच वाढत जातं. ते मोजायला जनगणनेत 'मध्यक वय' वापरतात. गावातल्या सगळ्यांना वयाप्रमाणे एका रांगेत उभं केलं, तर बरोबर मधोमध असलेल्या माणसाचं वय म्हणजे मध्यक वय. २०२१ मध्ये संपूर्ण ऑस्ट्रेलियाचं मध्यक वय ३८ वर्षं होतं. हिंडमार्श शायरचं होतं पन्नाशीच्या घरात. म्हणजे तिथली जवळजवळ निम्मी माणसं पन्नाशी ओलांडलेली आहेत. त्यात आणखी एक भर पडते. शेतावर राहणारं जोडपं थकलं की शेत मुलाकडे सोपवून किंवा विकून जवळच्या गावात राहायला येतं. निलमध्ये रुग्णालय आहे, दुकानं आहेत, त्यामुळे अशा जोडप्यांना ते सोयीचं पडतं. तरुण बाहेर जातात आणि आसपासचे वृद्ध आत येतात. अशी गावं दोन्ही बाजूंनी म्हातारी होतात.

डोकी मोजायची की चुली?

आता कोड्याच्या गाभ्याकडे येऊ. घर एकेका माणसाला लागत नाही, ते लागतं कुटुंबाला. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की 'चुली वेगळ्या झाल्या' असं म्हणतात. घरांची गरज काढायची असेल तर डोकी मोजून भागत नाही, चुली मोजाव्या लागतात.

एक काल्पनिक गाव घेऊ. सुरुवातीला तिथे २,००० माणसं आहेत आणि घरटी सरासरी ४ माणसं राहतात. २,००० ला ४ नं भागलं की ५०० घरं येतात. काही दशकांनी माणसं उरली १,५००. पण मुलं बाहेर गेली, काही जोडीदार वारले, आणि घरटी सरासरी २.३ वर आली. आता १,५०० ला २.३ नं भागा. उत्तर येतं साधारण ६५०. लोकसंख्या पाव हिश्श्यानं घटली, आणि घरांची गरज मात्र तीस टक्क्यांनी वाढली!

हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले असले तरी त्यांचा कल अगदी खरा आहे. १९११ मध्ये ऑस्ट्रेलियात घरटी सरासरी साडेचार माणसं राहत होती. २०२१ मध्ये हा आकडा अडीचवर आला. त्या वर्षी देशातल्या दर चार घरांपैकी एकात एकच माणूस राहत होता. म्हाताऱ्या होत चाललेल्या गावात अशी घरं जास्त असणार हे उघड आहे. चार मुलं वाढलेल्या तीन-चार खोल्यांच्या घरात आता एकच आजी राहते. डोक्यांच्या हिशोबात त्या घरातली पाच माणसं कमी झाली. घरांच्या हिशोबात मात्र एकही घर मोकळं झालं नाही.

मग आजी लहान घरात का जात नाही? एक तर गावात लहान घरंच नसतात, कारण बहुतेक घरं मोठ्या कुटुंबांसाठी बांधलेली आहेत. दुसरं म्हणजे ऑस्ट्रेलियात सरकारी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन माणसाचं उत्पन्न आणि मालमत्ता तपासून देतात. या तपासणीत स्वतःचं राहतं घर धरत नाहीत. पण घर विकून हातात उरलेली रक्कम आज ना उद्या हिशोबात येते. तिसरं कारण आकड्यांत मावत नाही. ओळखीची गल्ली आणि हातानं लावलेली झाडं सोडून जावंसं कुणाला वाटतं?

कुलूप लावलेली घरं

"पण गावात बंद घरं असतीलच की!" असं एखादा विद्यार्थी नक्की म्हणेल, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. २०२१ च्या जनगणनेच्या रात्री ऑस्ट्रेलियात दहा लाखांहून जास्त घरांत कुणीही नव्हतं. देशातल्या घरांपैकी हा जवळजवळ दहावा हिस्सा झाला.

या आकड्यावरून घाईनं निष्कर्ष काढणं मात्र धोक्याचं आहे. जनगणना एका ठरलेल्या रात्रीची मोजणी असते. त्या रात्री घरमालक परगावी असेल, रुग्णालयात असेल, किंवा घर विक्रीला काढलेलं असेल, तरी ते 'रिकामं' म्हणूनच नोंदलं जातं. सुटीपुरती वापरली जाणारी घरंही त्यातच येतात.

छोट्या गावांत याखेरीज आणखी काही कारणं असतात. घरमालक वारल्यावर वारस शहरात असतात. घर विकावं की ठेवावं यावर त्यांचं एकमत होत नाही. विकून फारसे पैसे येणार नसतील तर निर्णय घ्यायची घाईही नसते. काही घरं इतकी जुनी असतात की भाड्यानं देता येत नाहीत. व्हिक्टोरिया राज्यात मार्च २०२१ पासून भाड्याच्या घरांसाठी किमान दर्जाचे नियम लागू झाले आहेत. दाराला नीट कुलूप हवं, घरात पक्की बसवलेली उष्णतेची सोय हवी, छपरा-भिंतींत ओल नको. भाडेकरूच्या दृष्टीनं हे योग्यच आहे. पण जिथे भाडं कमी येतं तिथे दुरुस्तीचा खर्च मालकाला परवडत नाही, आणि कुलूप तसंच राहतं. घर आहे, पण राहण्याजोगं किंवा मिळण्याजोगं नाही.

मग नवी घरं का बांधत नाहीत?

घर बांधण्याचा खर्च विटा, लाकूड, पत्रा आणि मजुरी यांवर ठरतो. दूरच्या गावात हे सगळं बाहेरून आणावं लागतं, म्हणून खर्च शहरापेक्षा कमी नसतो, उलट थोडा जास्तच होतो. घराची किंमत मात्र ते विकत घ्यायला किती लोक उत्सुक आहेत यावर ठरते. समजा, घर बांधायला साडेचार लाख डॉलर लागले, आणि गावातल्या तशाच घरांची बाजारातली किंमत आहे तीन लाख. बँक कर्ज देते ते बाजारातल्या किमतीवर. उरलेले दीड लाख स्वतःच्या खिशातून घालायचे आणि पहिल्याच दिवशी ते बुडाले असं समजायचं. असा व्यवहार कोण करील? त्यामुळे गरज असूनही बांधकाम होत नाही.

ही दरी बुजवण्याचा एक प्रयत्न क्वीन्सलंड राज्यातल्या क्विल्पी इथे झाला. ब्रिस्बेनपासून सुमारे साडेनऊशे किलोमीटर आत असलेल्या या गावात २०२१ मध्ये शायर कौन्सिलनं जाहीर केलं, की जो इथे जमीन घेऊन घर बांधेल आणि किमान सहा महिने राहील त्याला १२,५०० डॉलर अनुदान मिळेल. जमिनीच्या तुकड्याची किंमतही साधारण तेवढीच होती, म्हणजे जमीन जवळजवळ फुकटच. चौकशा भरपूर आल्या. पण वरचं गणित पुन्हा पाहा: जमीन हा त्या खर्चाचा लहान भाग आहे. खरा खर्च बांधकामाचा.

शाळेसाठी एक डॉलर

न्यू साउथ वेल्स राज्यातल्या कम्नॉक या लहान गावानं २००८ मध्ये वेगळी वाट काढली. तिथे प्राथमिक शाळेचा पट घसरत होता. आसपास शेतावरची काही घरं ओस पडली होती. शेजाऱ्याची जमीन घेताना तिच्याबरोबर आलेलं घर नव्या मालकाला नको असतं, त्यामुळे अशी घरं बऱ्याच ठिकाणी असतात. गावकऱ्यांनी ही घरं आठवड्याला एक डॉलर भाड्यानं देऊ केली. अपेक्षा अशी, की शाळेत जाणारी मुलं असलेली कुटुंबं यावीत आणि त्यांनी घराची डागडुजी करावी. कुटुंबं आली, मुलं शाळेत दाखल झाली. इथे नवीन वीट न रचता, पडून असलेलं घर आणि रिकामं बाक यांची गाठ घालून दिली गेली.

आता निलकडे परत येऊ. तिथे बदकाच्या मांसावर प्रक्रिया करणारी 'लव्ह-अ-डक' ही कंपनी आहे. तिला वाढायचं होतं, पण गावात कामगार मिळेनात. ब्रह्मदेशातून परागंदा झालेले करेन लोक थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहून निर्वासित म्हणून ऑस्ट्रेलियात आले होते आणि मेलबर्नच्या पश्चिमेला स्थायिक झाले होते. २०१० पासून त्यांच्यातली काही कुटुंबं नोकरीसाठी निलला येऊ लागली. २०१४ पर्यंत लहानमोठी मिळून अशी सुमारे १६० माणसं तिथे राहत होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं अंदाज केला, की यातून पाच वर्षांत गावाच्या अर्थव्यवस्थेत ४ कोटी १५ लाख डॉलरची भर पडली आणि सुमारे ७० पूर्ण वेळ नोकऱ्यांइतकं काम निर्माण झालं. गावाची घसरणही थोपली.

१६० माणसं म्हणजे फार नव्हेत. पण दोन हजारांच्या वस्तीत दर शंभरामागे आठ झाली, आणि तीही मुख्यतः तरुण आईबाप आणि मुलं. वयोगटांच्या मनोऱ्यात नेमकी जिथे पोकळी होती तिथेच ती आली. या अभ्यासानं यशाची जी कारणं सांगितली त्यांत नोकरी, गावाचं नेतृत्व आणि नव्या कुटुंबांना मिळालेला आधार यांच्याबरोबर राहायच्या जागेचाही समावेश होता. हे महत्त्वाचं आहे. नोकरी माणसाला गावापर्यंत आणते. तो तिथे टिकतो की नाही, हे घर मिळतं की नाही यावर ठरतं.

म्हणून 'लोकसंख्या घटते आहे, तेव्हा घरांची काळजी नको' असा हिशोब एखाद्या कचेरीत मांडला गेला, तर तो गावाला महागात पडतो. घर नाही म्हणून शिक्षक येत नाही, शिक्षक नाही म्हणून कुटुंब येत नाही, आणि कुटुंब नाही म्हणून पट आणखी घसरतो.

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना आपल्या गावातली एक आळी किंवा गल्ली निवडायला सांगा. प्रत्येक घरात किती माणसं राहतात आणि त्यांची वयं काय, ते नोंदवा. घरटी सरासरी आणि मध्यक वय काढा. दहा-दहा वर्षांचे वयोगट करून आडव्या पट्ट्यांचा मनोरा काढा. त्यात कुठल्या वयाची पट्टी अचानक आखूड होते ते पाहा, आणि ती माणसं कुठे गेली ते घरच्या मोठ्यांना विचारा. तीस वर्षांपूर्वी याच घरांत किती माणसं होती, हेही त्यांना आठवत असेल.

बंद घरं वेगळी मोजा. पण कुलूप दिसलं की 'रिकामं' असं लिहून मोकळं होऊ नका. शेजाऱ्यांकडे चौकशी करा: सुटीत कुणी येतं का? वारसांचा वाद आहे का? की छप्परच बसलं आहे? प्रत्येक कारणाचा स्वतंत्र रकाना करा. मग विद्यार्थ्यांना एक प्रश्न घाला: उद्या आपल्या शाळेत एक नवे शिक्षक कुटुंबासह आले, तर या गल्लीतलं कुठलं घर त्यांना खरोखर मिळू शकेल?

बऱ्याच वर्गांना याचं उत्तर देताना विचारात पडावं लागेल. तुमचे आकडे आम्हालाही जरूर कळवा.