गोरेगाव कोणतं, ते आधी सांगा!

‘गोरेगावात उद्या काय बघता येईल?’ असं चॅटबॉटला विचारलंत, तर तो बहुधा तुम्हाला फिल्मसिटीच्या दारात उभं करील. गोंदियातही गोरेगाव तालुका आहे. पण मुंबईच्या गोरेगावावर लिहिलेलं कितीतरी जास्त, आणि जिकडे मजकूर जास्त तिकडे यंत्राचा कल. ‘जिल्हा गोंदिया’ एवढं जोडा, गोष्ट नागझिरा अभयारण्याकडे वळते. अर्जुनीवाल्यांना तर दुप्पट काळजी! आठ तालुक्यांत दोन अर्जुनी: एक मोरगाव, एक सडक.

सालाचंही तसंच. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी सगळा कारभार भंडाऱ्याचा. लेखक मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले, तेव्हा तेही भंडाऱ्यातच होतं. जुना-नवा मजकूर यंत्राने एकाच घासात गिळलेला असतो, म्हणून प्रश्नात साल टाकलेलं बरं.

खरी मजा धानाच्या बांधीत उतरल्यावर. ‘धानाला रोग लागला, काय करू?’ एवढंच विचारा. करपा, खोडकिडा, तुडतुडे, सगळ्यांची हजेरी लागते. आता हे टाकून बघा: ‘तालुका सडक अर्जुनी, पावसाळी धान, रोवणीला महिना झाला. मधला पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी नळी झालाय. कीड कोणती असावी? खात्री कशी करू? कृषी सहायकाला काय दाखवू?’ यादी गळते, गादमाशी पुढे येते. खंडीत हिशोब सांगत असाल तर तुमची खंडी किती किलोची तेही लिहा. आणि फवारणीचं प्रमाण डब्यावरच्या लेबलवरूनच घ्या. तिथे चॅटबॉटचा आत्मविश्वास काही कामाचा नाही.

दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री दंडारीचं लोकनाट्य. मंडईची जाहिरात चॅटबॉटकडून लिहून घ्यायची तर ‘झकास लिही’ म्हणून भागत नाही. शहरी मॉलच्या सेलसारखं काहीतरी हाती पडतं. मागच्या वर्षांची दोन-तीन पत्रकं नमुना म्हणून चिकटवा, मग बघा. नमुने दाखवले की काम सुधारतं, हे ओपनएआयच्या संशोधकांनी २०२० मध्येच जीपीटी-३ वरच्या निबंधात दाखवलं होतं.

एका वाक्याची करामत ऐका. २०२२ मध्ये टोकियो विद्यापीठ आणि गुगलच्या संशोधकांनी गणिताच्या प्रश्नाला ‘एकेक पायरी करत विचार करू’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य जोडलं. एका चाचणीत बरोबर उत्तरं १७.७ टक्क्यांवरून ७८.७ वर! हल्लीची बरीच मॉडेलं हे आपणहून करतात, त्यामुळे मंत्राची धार थोडी बोथट झालीय. पुढच्याच वर्षी गुगल डीपमाइंडने चांगलं वाक्य शोधायचं काम यंत्रालाच दिलं. त्यातून निघालेल्या एका यशस्वी वाक्याची सुरुवात काय? ‘खोल श्वास घ्या.’ फुप्फुसं नसलेल्याला हा सल्ला!

लांबलचक कागद चिकटवायचा असेल तर महत्त्वाचं वर किंवा खाली ठेवा. २०२३ च्या एका अभ्यासात मॉडेलं मधल्या भागातली माहिती विसरताना सापडली. ग्रामसभेच्या इतिवृत्ताचं आपण काय वेगळं करतो म्हणा.

राहता राहिला शिष्टाचार. ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’पायी विजेचा खर्च किती वाढत असेल, असं एप्रिल २०२५ मध्ये एकाने एक्सवर विचारलं. ओपनएआयचे सॅम ऑल्टमन म्हणाले, कोट्यवधी डॉलर, पण सत्कारणी लागले. आकडा थट्टेतलाच असावा. तेव्हा तिरोड्यात ३,३०० मेगावॉटचं वीज केंद्र उशाला घेऊन राहणाऱ्यांनी तरी ‘सांग नं भाऊ’ म्हणायला हात आखडू नये.