बीळ वाहून जात नाही

नंदुरबारमध्ये बहुतेक ठिकाणी पायाखाली बेसॉल्टच, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. उकळत्या लाव्हात बीळ कोण करणार? पण सातपुडा उतरून नर्मदेपलीकडे गेलात, तर लाव्हाच्या खालचे ‘बाग’चे थर उघडे दिसतात. नाव धार जिल्ह्यातल्या बाग गावावरून पडलंय. मंडळी, साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी तिथपर्यंत पश्चिमेकडून समुद्र आत शिरला होता!

त्याच्या वाळू-चिखलात राहणाऱ्या, कोळंबीच्या जातकुळीतल्या प्राण्यांची बिळं आज दगड झालीत. इंग्रजी ‘वाय’सारखे फाटे आणि गुळगुळीत भिंत असेल तर ते थॅलासिनॉइडिस. भिंतीला बाहेरून गोळ्या-गोळ्या दिसल्या तर ऑफिओमॉर्फा. वाळू ढासळू नये म्हणून प्राण्याने केलेलं प्लास्टरच ते.

माझ्या भाषेत सांगतो: शिंपला म्हणजे हार्डवेअर, बीळ म्हणजे लॉग फाइल. शिंपला लाटेबरोबर कुठूनही येऊ शकतो, बीळ मात्र खोदलं तिथेच सापडतं. म्हणूनच तुकडा फोडून खिशात टाकला की गेलं सगळं. थर कोणता, वरची बाजू कुठली, काही कळत नाही. (इन्स्टाच्या रीलसाठी हातोडी चालवणारे भरपूर आहेत.) शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, बिळाची रुंदी मोजा. खोदणाऱ्याच्या अंगाचा अंदाज तिच्यावरूनच येतो.